शेड कार्ड

अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात
एकतीस वर्षं रंग करतोय मी.
नखं बघा, गुरुवारचा निळा अजून तसाच आहे.
लाल म्हणालात तर विचारीन, कुठला लाल?
माझ्याकडे चौदा आहेत, नंबरासकट.

डॉक्टर मॅडमनी कागदावर एकच शब्द लिहिला:
भाज्या.
खाली दोन रेघा मारल्या. मग जरा थांबून,
फळं.
हे त्रेपन्नाव्या वर्षी.
घरी नातीवर मी डोळे वटारतो, संपव ती भाजी,
आणि स्वतःच्या ताटातल्या दोडक्याच्या फोडी
गुपचूप कडेला सरकवतो,
नापास माल गोदामाच्या भिंतीला लावतात तशा.
मोठ्या माणसाच्या ताटात कोण डोकावतंय?

त्या संध्याकाळी घाबरून किवी घेतली.
तीन नग, प्लॅस्टिकच्या डबीत, प्रत्येकाला स्टिकर.
एक सफरचंदही घेतलं, आरशासारखं.
चष्मा लावून स्टिकर वाचलं.
किवी समुद्र ओलांडून आली होती.
मी सुताच्या कामाला दोनदा सुरतेला गेलोय, तेवढंच.
आमचे टॉवेल त्याच समुद्रावरून तिकडे जातात;
मधे कुठेतरी दोन कंटेनर
ओळख न दाखवता शेजारून गेले असतील.

किवी संपली. सफरचंद राहिलं फ्रिजवर
देवीच्या फोटोशेजारी, दीड महिना.
येता-जाता बघायचो. तोच लाल, नंबर सहा.
एक सुरकुती नाही.
धंद्याच्या हिशोबानं मी खूश व्हायला हवं होतं,
आमच्यात दहा धुण्यांत उतरत नाही
त्यालाच पक्का म्हणतात.
पण मला त्या फळाची भीतीच वाटायला लागली.

गेटसमोर निंगव्वा बसते, मुस्तीची.
पहिल्या एस.टी.नं गाठोडं आणते:
चुका, घोळ, कोवळी करडई, पौषात बोरं.
दुपारच्या भोंग्यापर्यंत पाणी शिंपडत राहते.
एकतीस वर्षं तिच्यासमोरून सायकल नेली,
उतरलो त्या दिवशी पहिल्यांदा.
"तगोरी," म्हणाली, "काल दिस बुडताना रानात होतं हे.
सांच्याला मान टाकतंय.
उद्याचं मी काय सांगत न्हाई बघा."

माझ्या धंद्यात असं बोललो तर गिऱ्हाईक पळेल.
मी चुक्याची जुडी घेतली.

नरसम्मानं डाळीत घातली, वर लसूण-मिरचीची फोडणी.
पहिल्याच घासाला आई आठवली, असं म्हणणार नाही.
आईला स्वयंपाकाचा कंटाळा होता,
ती दिवसभर विड्या वळायची.
पण जिभेला कडा असतात, हे आठवलं.
ताटात सरकवायला काही उरलं नाही.
नातीनं पाहिलं. काही बोलली नाही.
तिनंही पुसलं ताट.

साखर उतरली का? थोडी.
मॅडम अजून रेघा मारतात, आता एकच.
दोडका अजून आवडत नाही, खोटं कशाला बोलू.
मात्र डब्याच्या सुट्टीत
फिनिशिंगच्या इप्पलपल्लीसमोर मूठभर बोरं ठेवतो.
पन्नाशीचा गडी, आधी हसतो,
मग बिया कुठे टाकू म्हणून विचारतो.

परवा सांगोल्याचं डाळिंब फोडलं
एका सेकंड मालाच्या पांढऱ्या टॉवेलवर.
रस सांडला.
सवयीनं शेड कार्ड काढून शेजारी धरलं,
चौदांतला एकही जुळला नाही.
पंधरावा म्हणून लिहायला पेन शोधलं,
तोवर कडेनं तपकिरी व्हायला लागला होता.
नापास.
टॉवेल घरी आणलाय मी.

तुमच्याही गेटसमोर बसत असेल कुणीतरी.
भोंगा व्हायच्या आत जा.
नंतर पाणी शिंपडूनही
काही उपयोग होत नाही.